बारा मिनिटांचं पाणी

शुक्रवारी दुपारी डेन्झिल ट्रेवेना नगरपालिकेच्या कचेरीत बसून एका तुसड्या भाषेतली वाक्यं एका बडबड्या भाषेत नेत होता, आणि त्याचं निम्मं मन खिडकीबाहेर होतं. हे नेहमीचंच. मनाच्या त्याने फार पूर्वीच वाटण्या केल्या होत्या, एक वाटा कामाला आणि एक वाऱ्याला. वय वाढलं तसा वाऱ्याचा वाटाही वाढत गेला होता.

खिडकीबाहेर पोर्ट पेनॅलन उन्हात पडून होतं. लांबलचक लाकडी धक्का, धक्क्याच्या खांबांवर चोची छातीत खुपसून पेंगणारे पेलिकन, आणि गावामागे गहू कापून नेलेली शेतं. पाऊस असा काही पळाला होता की कचेरीच्या परसातलं बेडकांचं डबकं सुकून त्यात लोक आता सायकली ठेवत. सगळ्या गावात हिरवं असं एकच उरलं होतं, बोल्स क्लबचं मैदान, ज्याला सगळे नुसतं ‘ग्रीन’ म्हणत. पांढरे कपडे घालून, वजनदार चेंडू गवतावरून घरंगळत एका चिमुकल्या पांढऱ्या चेंडूपाशी न्यायचा, एवढाच तो खेळ. पण त्यापायी शेजारच्या विरिबी गावाशी पोर्ट पेनॅलनचं आजोबांच्या काळापासून फाटलेलं होतं.

नगरपालिकेचा सगळा कारभार एका जुन्या प्रोग्रॅमवर चाले. कुत्र्यांचे बिल्ले, दफनभूमीतल्या जागा, बागांचं पाणी, सगळं त्यात. तो कोबॉल नावाच्या जुन्या संगणकभाषेत लिहिलेला होता, आणि कोबॉल येणारा गावात एकटा डेन्झिल होता. यंदा अॅडलेडच्या एका कंपनीने बागांना नवे नळ बसवले आणि नळांशेजारी एकेक राखाडी पेटी. पेटी हुशार होती, पण तिला सी भाषेखेरीज काही कळत नव्हतं. कंपनीने पेटीसोबत ओळी पाठवल्या होत्या: मला या नावाने हाक मारा, हाक मारताना हातात हे आणि हे घेऊन या, मग मी तुम्हाला अमुक परत देईन. एकेका कामाची अशी एकेक ओळ. ती प्रत्येक ओळ कोबॉलमध्ये म्हणायची, हे डेन्झिलचं काम होतं.

त्याला ते मनापासून आवडलं होतं. सी म्हणजे शब्दागणिक पैसे पडतात अशा थाटात बोलणारा माणूस. कोबॉल म्हणजे लग्नपत्रिका: कोण, कुणाचं, कुठून आलं, सगळं मानपानासकट सांगायचं आणि शेवटी पूर्णविराम द्यायचा. तो विसरलात तर रुसवा आलाच. सीमध्ये एक शब्द होता, ‘तुमची वस्तू मी नुसती बघेन, तिला हात लावणार नाही’ अशा अर्थाचा. कोबॉलमध्ये असं वचन देण्याची सोयच नव्हती. डेन्झिलने सकाळचा एक तास त्या वचनासाठी घालवला, आणि शेवटी ते समासात टीप म्हणून लिहून ठेवलं. यंत्र समासातलं वाचत नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण वचन ते वचन.

“डेन! झालं का रे?”

खिडकीत कोरली हॉकिंग उभी होती. क्लबची कप्तानही तीच आणि ग्रीनची निगा राखणारीही तीच. उन्हाने रापलेला चेहरा, टोपीखालून निसटलेले पांढरे केस आणि हातात गवत कापायची कात्री.

“होत आलंय.”

“होत आलंय म्हणजे अजून नाही. तुझं मला पाठ आहे. ऐक. उद्या अकराला फायनल. आज तीन वाजता ग्रीनला बारा मिनिटं पाणी. बारा म्हणजे बारा. मला ग्रीन कोरडं पाहिजे, चेंडू नुसता पळाला पाहिजे.”

“बारा मिनिटं,” डेन्झिल म्हणाला.

“आणि काय रे, प्रयोग करायला तुला माझंच ग्रीन सापडलं? दफनभूमीतही नळ आहे की. तिथलं कुणी तक्रारसुद्धा करणार नाही.”

डेन्झिल हसला आणि मान खाली घालून काहीतरी पुटपुटला. खरं कारण असं होतं की नव्या नळाचं पहिलं पाणी तिच्या गवतावर पडावं, असं त्याला वाटलं होतं. हे मोठ्याने म्हणण्याइतकी छाती त्याच्याकडे नव्हती.

“मी आता विरिबीला चाललेय, रात्री दोन्ही संघांचं जेवण आहे,” कोरली म्हणाली. “त्या केल्विन शुट्झचं थोबाड बघत जेवायचं. विजेत्याची ढाल चार वर्षं त्याच्या दिवाणखान्यात लटकतेय. यंदा ती मला घरी आणायचीय, डेन. माझी ही शेवटची कप्तानी.”

“येईल,” डेन्झिल म्हणाला. ती गेली. पुढची दहा मिनिटं त्याने काहीही काम केलं नाही.

गोष्ट अशी होती की डेन्झिलकडे एक छोटी कॅरॅव्हॅन होती, आणि ती घेऊन उत्तरेला फ्लिंडर्सच्या डोंगरांकडे जावं, असं त्याच्या मनात होतं. एकट्याने नव्हे. सहा वर्षांपूर्वी गावच्या जत्रेत, पास्टीच्या गाड्यावर तो कोरलीच्या शेजारी मांस-बटाट्याच्या गरम पास्ट्या कागदात गुंडाळत होता. तेव्हा सगळं धैर्य एकवटून तो म्हणाला होता, “कधीतरी कॅरॅव्हॅन घेऊन फ्लिंडर्सला जायचा विचार आहे. येशील?” आणि कोरली म्हणाली होती, “येईन की.” तेवढ्यात कुणीतरी टोमॅटो सॉस मागितला आणि बोलणं तिथंच राहिलं.

दुसरा कुणी असता तर त्याने दुसऱ्याच दिवशी चाकांत हवा भरली असती. डेन्झिल घरी जाऊन विचार करत बसला. ‘येईन की’ काय, माणूस बारशालाही म्हणतो आणि बाराव्यालाही. तिने भिडेखातर म्हटलं असेल. एकदा नीट, स्वच्छ शब्दांत विचारायला हवं. ते नीट शब्द जुळवण्यात सहा वर्षं गेली होती. दरम्यान त्याने कॅरॅव्हॅनला पडदे लावले होते आणि एकाच कापडाच्या दोन उशा शिवून घेतल्या होत्या. उद्या फायनल झाल्यावर, ढाल कोरलीच्या हातात असताना तो विचारणार होता. याहून चांगला मुहूर्त पुन्हा मिळणार नव्हता, कारण पुढच्या महिन्यात ती नातवंडांकडे पर्थला जाणार होती, आणि तिकडून लोक परत येतातच असं नाही.

तो पुन्हा ओळीकडे वळला. नळ उघडण्याच्या कामाला तीन गोष्टी लागत: नळाचा क्रमांक, जागेचं नाव आणि मिनिटं. क्रमांक हा आकडा, तो सरळ पेटीच्या हातावर ठेवायचा. कोबॉलमध्ये तसं सांगावं लागतं, ‘हातात’. नाव लांबलचक असतं, ते हातात मावत नाही. ते कुठं ठेवलंय त्याचा पत्ता द्यायचा, म्हणजे पेटी तिथं जाऊन वाचते. हेही सांगावं लागतं, ‘पत्त्याने’. मिनिटं हा परत आकडा.

क्रमांकाचं त्याने बिनचूक लिहिलं आणि नावापाशी आला. कंपनीने नमुन्यादाखल ‘बोलिंग ग्रीन’ असं नाव दिलं होतं. हे नाव पेटीवरच्या छोट्या काचेत उमटणार होतं. ती काच वाचायला एवढ्या उन्हात पेटीपाशी वाकणार कोण? डेन्झिलने इकडेतिकडे बघितलं. मग ‘बोलिंग ग्रीन’ पुसून त्याने लिहिलं, ‘कोरलीचं ग्रीन’. नाव कुठं संपतं ते सीला कळावं म्हणून शेवटी शून्याची खूण लागते, नाहीतर ती भाषा पुढचं जे काही सापडेल ते नाव समजून वाचत सुटते. ती खूण त्याने तीनदा तपासली. नावापुढे ‘पत्त्याने’ लिहिलं. मग नुसताच त्या नावाकडे बघत बसला. खिडकीतून समुद्राचा वारा येत होता, आणि कॅरॅव्हॅनच्या पडद्यातून तांबडे डोंगर दिसत होते, आणि कुणीतरी चहाची किटली ठेवत होतं.

त्या तंद्रीतच त्याने मिनिटं लिहिली. हत्ती गेला आणि शेपूट अडकलं.

शेवटची एक ओळ राहिली होती. ती विचित्रच होती. त्या कामाला हाक मारताना काही न्यायचं नव्हतं, आणि ते काही परतही देत नव्हतं. ‘सगळं थांबवा’ एवढंच त्याचं नाव. जो काही घेत नाही आणि देत नाही असा पाहुणा सोमवारी आला तरी चालेल, असं डेन्झिलने ठरवलं. कोबॉलच्या लग्नपत्रिकेत रिकाम्या हाताने येणाऱ्याला कसं बोलवायचं, हेही त्याला चटकन सुचलं नाही.

तीन वाजता त्याने हाक मारली. रस्त्यापलीकडे ग्रीनवर फवारे वर आले, एकाच वेळी, गाणं सुरू होताना सगळ्यांनी तोंड उघडावं तसे. उन्हात इंद्रधनुष्य पडलं. पाणी पडण्याचा तो आवाज गावाने किती दिवसांत ऐकला नव्हता. डेन्झिल बघत राहिला. पाच मिनिटांनी शुक्रवार असल्यामुळे कचेरी बंद झाली, आणि आता सातच मिनिटं उरलीत, त्यांची काय कुणी राखण करायला हवी, असं म्हणत तो सायकलीवर बसून घरी गेला.

शनिवारी पहाटे त्याला स्वप्न पडलं की पाऊस पडतोय आणि बेडूक ओरडताहेत. तो हसतच जागा झाला. पाऊस थांबला होता, पण बेडूक मात्र ओरडतच होते.

तो तसाच उठून बसला आणि ऐकत राहिला. आवाज क्लबच्या दिशेने येत होता.

इस्त्री केलेली पांढरी पँट चढवून तो पोहोचला तेव्हा ऊन वर आलं होतं. ग्रीन नव्हतं. ग्रीनच्या जागी चौकोनी तळं होतं आणि त्यावर निळं आकाश पडलं होतं. चोहोबाजूंच्या फवाऱ्यांतून पाणी अजूनही शांतपणे पडतच होतं. मधोमध चार बदकं तरंगत होती. कडेला लांब चोचीचे आयबिस पक्षी पाय उचलून उचलून चालत होते, नगरपालिकेची समिती पाहणीला यावी तसे. एक पेलिकन धक्का सोडून इथं आला होता आणि गुणफलकावर बसून पेंगत होता. आणि क्लबमधला म्हातारा क्लेम रॉड घडीची खुर्ची टाकून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पाय पाण्यात सोडून बसला होता.

“ये डेन, ये,” क्लेम म्हणाला. “पाणी झकास आहे.”

“केव्हापासून?”

“पहाटे मी आलो तेव्हा घोट्याला होतं. चार कडांचा बांध आहे ना ग्रीनला, जातंय कुठं? चांगलं साठतंय.”

“क्लेमकाका, बंद का नाही केलंत?”

“कसं करणार? हाताने फिरवायचं चाक होतं ते तुमच्या अॅडलेडच्या पोरांनी उपटून नेलं, जुनाट म्हणून. रस्त्यावरचा मोठा नळ बंद करायला गेलो तर दवाखान्याची मेट्रन अंगावर आली, त्यांचंही पाणी त्याच्यावरच आहे म्हणे. मग म्हटलं आपण पाय धुवावेत.”

तेवढ्यात कोरली आली. पांढरे कपडे, पांढरी टोपी, हातात चेंडूंची पिशवी. ती काठावर उभी राहिली. पिशवी हळूच खाली ठेवली. तिने आरडाओरडा केला असता तर डेन्झिलला बरं वाटलं असतं.

“बारा मिनिटं,” ती शेवटी म्हणाली.

“कोरली, मी...”

“डेन, मी बारा म्हणाले होते ना? की मलाच स्वप्न पडलं?”

“तू बाराच म्हणालीस. मीही बाराच लिहिले.”

“मग हे काय बदकांनी आणलं?”

ती बूट काढून, पँट वर करून पाण्यात उतरली आणि पेटीकडे निघाली. डेन्झिलला एकदम काचेवरचं ते नाव आठवलं. “थांब, मी बघतो!” म्हणत तो बुटांसकट मागे धावला, पण कोरली आधीच पेटीपाशी वाकली होती. ती काचेत बघत राहिली. मग तिने मान वळवून डेन्झिलकडे बघितलं, आणि पुन्हा काचेत बघितलं.

“फोन लाव त्या कंपनीला,” एवढंच ती म्हणाली.

अॅडलेडच्या मदतकेंद्रात टीगन नावाची मुलगी होती. शनिवार सकाळची जांभई तिने अर्ध्यात गिळली.

“डेन्झिल, तुमची पेटी ठणठणीत आहे,” ती म्हणाली. “तुम्ही जेवढं सांगितलंत तेवढंच ती करतेय.”

“मी बारा मिनिटं सांगितली.”

“इथं तर एक कोटी छत्तीस लाख आणि वर काहीतरी दिसतंय.”

फोन सगळ्यांना ऐकू येत होता. क्लेमने मोठ्याने विचारलं, “म्हणजे थांबणार कधी, पोरी?”

टीगनने हिशोब केला. “सव्वीस वर्षांनी. आपोआप बंद होईल, काळजी करू नका.”

“चला,” क्लेम खुर्चीत सावरून बसत म्हणाला, “तोवर मी एकशे आठचा होईन. टॉवेल आणायला हवा.”

डेन्झिल कचेरीकडे वळलाही होता. “मी बारा मिनिटं नीट लिहून नवीन हुकूम पाठवतो.”

“घेणार नाही ती,” टीगन म्हणाली. “हातातलं काम संपल्याशिवाय दुसरं घ्यायचं नाही, अशी शिस्त आहे तिला. आधी ‘सगळं थांबवा’ला हाक मारा. ती ओळ दिलीय ना आम्ही? सगळ्यात सोपी आहे ती. काही द्यायचं नाही, काही घ्यायचं नाही.”

डेन्झिलने डोळे मिटले. सोमवारचा पाहुणा!

तो ओल्या बुटांनी पचपच करत कचेरीकडे पळाला. रिकाम्या हाताने येणाऱ्याला बोलावणं कोबॉलमध्येही सोपंच निघालं: हाक मारायची आणि पुढे काही म्हणायचं नाही. आयुष्यात त्याने लिहिलेलं ते सगळ्यात छोटं वाक्य होतं. जुनं यंत्र घरघरत ते वाचू लागलं, बराच वेळ वाचत राहिलं, आणि मग म्हणालं की चूक आहे. डेन्झिलने वाक्य उलटसुलट बघितलं. गडबडीत पूर्णविराम राहिला होता. पूर्णविराम देऊन तो पुन्हा वाट बघत बसला. खिडकीतून त्याला विरिबीची बस क्लबच्या दारात थांबताना दिसली.

फवारे खाली बसले तेव्हा अकराला थोडाच अवकाश होता. एकाएकी एवढी शांतता पसरली की बेडूकही बिचकून गप्प झाले.

केल्विन शुट्झ तळ्याच्या काठावर उभा होता. चकाकणारे पांढरे बूट, पोटावर ताणलेला शर्ट. “कोरली,” तो म्हणाला, “आम्ही चेंडू आणलेत. होड्या आणायच्या होत्या हे काल जेवताना सांगितलं असतंस तर...”

“दात काढू नकोस, केल्विन.”

“मी कुठं? पण नियम नियमच. यजमानांचं ग्रीन अकराला खेळण्याजोगं नसलं तर सामना पाहुण्यांचा. तुझ्याच वडिलांनी केलाय तो नियम.”

कोरलीने पाण्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. मग ती क्लबमध्ये गेली आणि फायनलसाठी विरिबीहून आणलेली, टेबलावर मांडून ठेवलेली ढाल आणून तिने केल्विनच्या हातात दिली. आजच्या मुहूर्तावर डेन्झिल जे विचारणार होता, ते विचारायला आता कुठलं तोंड उरलं होतं?

पण विरिबीची मंडळी बसमध्ये चढलीच नाहीत. त्यांच्याही गावात दुष्काळच होता. आधी एकीने बूट काढले, मग तिच्या नवऱ्याने. थोड्या वेळात दोन्ही गावची माणसं काठाकाठाने खुर्च्या टाकून पाण्यात पाय सोडून बसली होती. स्वच्छ पांढरे कपडे, वर आकाश, खाली आकाश. हळूहळू बोलणीही थांबली. केल्विनची बायको गुणगुणायला लागली. ढाल मांडीवर घेऊन खुद्द केल्विन पायाच्या अंगठ्याने पाणी ढवळत होता आणि बालवाडीतल्या मुलासारखा दिसत होता.

“चहा!” कुणीतरी आतून ओरडलं, आणि सगळ्या माना डेन्झिलकडे वळल्या.

पोर्ट पेनॅलन क्लबचा एक रिवाज होता. ज्याने ग्रीनची नासाडी केली त्याने चहाच्या वेळी सगळ्यांपुढे उभं राहून कारण सांगायचं. कारण पटेपर्यंत त्याला पास्टी मिळायची नाही. एकदा क्लेमच्या कुत्र्याने ग्रीनवर खड्डा खणला होता. तेव्हा क्लेम कुत्र्याला शेजारी बसवून त्याच्या वतीने पाऊण तास बोलला होता. शेवटी लोकांनीच कंटाळून दोघांनाही पास्टी दिली होती.

क्लबच्या खोलीत सगळे जमल्यावर डेन्झिल उभा राहिला. पँटच्या टोकांतून पाणी ठिबकत होतं.

“म्हणजे त्याचं असं आहे,” तो म्हणाला, “की पेटीला काही द्यायचं तर दोन तऱ्हा आहेत.” आणि तो थांबला. समोरच्या चेहऱ्यांवर काही उमटेना. मग त्याने ताटातली एक पास्टी उचलून क्लेमच्या हातात दिली. “ही एक तऱ्हा. हातात. आणि दुसरी म्हणजे, पास्टी आत ओव्हनमध्ये आहे असं नुसतं सांगायचं. पत्त्याने.”

“ही पहिली तऱ्हा बरी आहे,” क्लेम खात खात म्हणाला.

“मिनिटं हातात द्यायची होती. मी पत्ता दिला. पत्ता हाही शेवटी आकडाच असतो, भला मोठा. पेटीने तीच मिनिटं धरली.”

केल्विनने कपाळाला आठ्या घातल्या. “म्हणजे कुणी वय विचारावं आणि मी घरनंबर सांगावा, असं?”

“अगदी तसंच.”

“मग मी चौदा वर्षांचा,” केल्विन म्हणाला आणि स्वतःच खूश झाला. त्याच्या बायकोने तेवढंच आहे म्हणून दुजोरा दिला.

“पण डेन,” कोरली पहिल्यांदाच बोलली. ती कपाटाला टेकून उभी होती, हाताची घडी घालून. “मिनिटांपुढे तू ‘पत्त्याने’ असं लिहिलं होतंस?”

“नाही.”

“मग काय लिहिलं होतंस?”

“काहीच नाही. तिथंच तर...” डेन्झिल बुटांकडे बघत म्हणाला. “त्याच्याआधी नाव होतं. नावापुढे ‘पत्त्याने’ होतं. या भाषेत एकदा एक गोष्ट म्हटली की ती पुढच्यालाही लागू राहते. परत परत म्हणावी लागत नाही. दुसरं काही म्हणेपर्यंत तीच चालू. मी मिनिटांपाशी ‘हातात’ म्हणायला हवं होतं. राहून गेलं.”

“आणि का राहिलं?”

“नाव लिहिताना जरा लक्ष...”

“कुठं होतं लक्ष?”

सकाळपासून एव्हाना प्रत्येक जण एकदा तरी पाण्यात उतरून पेटीपाशी वाकून आला होता. त्या काचेत काय लिहिलंय हे दोन्ही गावांना माहीत होतं, फक्त डेन्झिलला वाटत होतं की कुणाला माहीत नाही.

“नावातच होतं,” डेन्झिल म्हणाला.

कुणीही हसलं नाही. कोरलीने ताटातून एक पास्टी घेतली, पण त्याला दिली नाही. हातात धरून उभी राहिली.

“मला नीट समजू दे,” ती म्हणाली. “एकदा म्हटलं की म्हटलं. दुसरं काही म्हणेपर्यंत तेच लागू?”

“हो.”

“सहा वर्षं गेली तरी?”

“यंत्राला वर्षांचं काही...” डेन्झिल बोलता बोलता थांबला. त्याने मान वर केली.

“जत्रेत पास्टीच्या गाड्यावर तू मला एक विचारलं होतंस,” कोरली म्हणाली. “मी काय म्हणाले होते?”

“येईन की.”

“त्यानंतर मी दुसरं काही म्हणाले?”

“नाही.”

“मग सहा वर्षं मी काय कॅरॅव्हॅनचे पडदे बाहेरूनच बघायचे का रे, बावळटा? ढाल गेली, ग्रीन गेलं, पर्थचं तिकीट काढायची वेळ आली. आता काय सव्वीस वर्षं थांबायचं?” तिचे डोळे भरून आले होते, आणि त्याचा तिला राग आला होता. तिने पास्टी त्याच्या हातावर ठेवली, अगदी पहिल्या तऱ्हेने.

डेन्झिलने तोंड उघडलं. नीट जुळवलेली ती सगळी स्वच्छ वाक्यं, सहा वर्षांची, एकदम घशाशी आली होती.

“गप्प,” कोरली म्हणाली. “एक अक्षर बोलू नकोस. दुसरं काही म्हणशील आणि सगळं बदलून ठेवशील.”

डेन्झिलने तोंड मिटलं आणि पास्टी खाल्ली. बाहेर तळ्यावर बेडकांनी पुन्हा सुरुवात केली होती.